शनिवारच्या बाजारातल्या अनोळखी भाज्या: पारख आणि आपल्या पद्धतीच्या कृती

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात विधानभवनाच्या चारी बाजूंनी शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. १९७२ पासून भरतो आहे. एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तो या चौकात असतो आणि ज्यानं पिकवलं त्यानंच विकायचं, असा इथला नियम आहे. मधला दलाल नाही. सगळी गर्दी घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेनं फिरते, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यानं प्रवाहाबरोबर चालावं, म्हणजे धक्के बसत नाहीत.

आपल्याकडून नोकरीला, शिकायला आलेली मंडळी या बाजारात हौसेनं येतात, फोटो काढतात, टोमॅटो, कांदे, बटाटे आणि कोथिंबीर घेतात आणि परततात. बाकीच्या टेबलांवर काय काय पडलेलं असतं, पण "ह्याचं करायचं काय?" म्हणून हात पुढं होत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. जून ते सप्टेंबर एवढेच चार महिने इथं अशी ताजी भाजी भरभरून मिळते. पुढं सहा महिने बर्फ आणि दुकानातली ट्रकनं आलेली भाजी. म्हणून हे सगळं लिहून काढते आहे. मी मूळची साताऱ्याची, त्यामुळे माझ्या कृतींत शेंगदाण्याचं कूट आणि कांदा-लसूण मसाला पदोपदी येणार. तुम्ही तुमच्या घरचं घाला.

आधी पारख. भाजीचं नाव काय, कुठली, इथले लोक तिचं काय करतात, हे नंतर पाहू. आधी ती कशी वागते ते पाहायचं. घरी आलं की धुऊन एक चकती कापायची आणि तिचा तुकडा कच्चा चावायचा. गोड लागतो, आंबट लागतो, उग्र आहे, तुरट आहे, तोंडात चोथा राहतो का, हे लगेच कळतं. दुसऱ्या चकतीला चिमूटभर मीठ चोळून बशीत दहा मिनिटं ठेवायची. बशीत पाणी साचलं तर ती पाणचट भाजी, झाकण ठेवून शिजवली की तिचा लगदा होणार. तिसरा तुकडा तापलेल्या कढईत दोन थेंब तेलावर टाकायचा आणि किती वेळात मऊ पडतो ते बघायचं. एवढ्यात भाजीचा स्वभाव कळतो. मग आपल्याकडे पद्धती तयारच आहेत. पाणी सुटणाऱ्या भाजीला पीठ पेरायचं. कोवळ्या, करकरीत भाजीची कोशिंबीर. आंबट असेल ती डाळीत नाहीतर गुळात. उग्र असेल तर ठेचा, चटणी. मऊ पानाची पातळ भाजी, जाड पानाची वडी.

या परीक्षेला दोन अपवाद आहेत आणि ते जपून पाळायचे. रुबार्ब म्हणून लांब, आंबट देठांची भाजी मिळते, तिचं पान तोंडात घालायचं नाही, ते विषारी असतं. खायचा तो फक्त देठ. आणि शेंगांतले पिकलेले दाणे, घेवड्याच्या जातीतले, कच्चे चाखायचे नाहीत. ते चांगले उकळून शिजल्यावरच खायचे.

विकणाऱ्यालाही विचारा. तोच पिकवणारा असल्यामुळे उत्तर खरं मिळतं. "आज तोडली की काल?", "पाला खातात का?", "तुमच्या घरी कशी करतात?" हे तीन प्रश्न मी नेहमी विचारते. तिसऱ्या प्रश्नावर माणसं खुलतात आणि बऱ्याचदा एखादं मूठभर जास्त पिशवीत पडतं.

रुबार्ब

मे आणि जूनमध्ये लाल-हिरव्या, लांब देठांच्या जुड्या दिसतात, त्या याच्या. पानं बहुतेक वेळा कापूनच टाकलेली असतात. राहिली असतील तर घरी आल्यावर आधी ती कापून टाका. इथले लोक यात भरपूर साखर घालून 'पाय' (pie) नावाचा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ करतात. मला मात्र पहिला तुकडा चाखल्याबरोबर कैरी आठवली, आणि इथं मे महिन्यात चांगली कैरी कुठली मिळायला! तेव्हापासून आमच्याकडे उन्हाळ्याचा मेथांबा रुबार्बचाच.

कैरीत आणि यात एक मोठा फरक आहे. कैरीची फोड शिजली तरी फोड राहते. रुबार्ब दोन-तीन मिनिटांत मोडतो आणि पाचव्या मिनिटाला त्याची खीर होते. त्यामुळे क्रम उलटा करायचा, आधी गुळाचा पाक आणि मग फोडी. तीनशे ग्रॅम देठ धुऊन, पुसून, पेराएवढे तुकडे करा. सोलायची गरज नाही. देठ फार जाड असेल तर वरच्या दोर तेवढ्या ओढून काढा. स्टीलच्या पातेल्यात चमचाभर तेल तापवून मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे, हिंग, हळद अशी फोडणी करा. मेथी नुसती तांबूस व्हायला हवी, काळी झाली तर सगळा मेथांबा कडू. त्यावर दोन मोठे चमचे पाणी आणि दोनशे ग्रॅम चिरलेला गूळ. गूळ विरघळून मोठे बुडबुडे यायला लागले की चमचाभर लाल तिखट, पाऊण चमचा मीठ आणि मग फोडी घालायच्या. आता डाव लावायचा नाही. पातेलं कानांना धरून हलवायचं, तीन मिनिटं थांबायचं आणि गॅस बंद. उरलेलं शिजणं त्या गरम पाकातच होतं. गार झाला की बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. दोन आठवडे छान राहतो, पण आमच्याकडे तेवढा टिकत नाही.

भांडं स्टीलचंच घ्या. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा लोखंडी कढईत याचा आंबटपणा धातू ओढतो आणि चव बिघडते. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र रुबार्बपासून लांब राहावं, कारण देठातही ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं. वाटीभर तुरीच्या डाळीच्या आमटीत चिंचेऐवजी याचा बोटभर देठ चिरून शेवटच्या उकळीला टाकला तरी काम होतं. गूळ आणि गोडा मसाला नेहमीसारखाच.

लसणाचे दांडे

जूनच्या मध्याला दोन-तीन आठवडेच येतात. इंग्रजीत गार्लिक स्केप्स म्हणून पाटी असते. हिरवे, गोल वळलेले, टोकाला मिटलेली कळी. गड्ड्याच्या लसणाला फुलाचा दांडा फुटला की शेतकरी तो खुडून टाकतो, म्हणजे सगळी ताकद खाली गड्ड्यात जाते. हा खुडलेला दांडाच बाजारात येतो, आणि ठेच्यासाठी याच्यासारखी दुसरी वस्तू मला इथं सापडलेली नाही.

आठ-दहा दांडे घ्या. कळीच्या वरचं शेपूट दोरीसारखं चिवट असतं, ते काढून टाका, कळी ठेवा. बाकीच्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. जाड लोखंडी तवा तापवून चमचाभर तेलावर हे तुकडे आणि पाच-सहा सेरानो (इथं मिळणाऱ्या तिखट हिरव्या) मिरच्या, देठ काढून मधून मोडलेल्या, एकदमच टाकायच्या. मिरच्यांवर पांढरट फोड येतील, दांड्यांवर काळे डाग पडतील. डाग पडू द्या, कच्चे राहिले तर उग्र लागतात. मग दोन मोठे चमचे भाजलेले शेंगदाणे, अर्धा चमचा जिरं, खडे मीठ तव्यावरच टाकून गॅस बंद करायचा. आमच्याकडे ठेचा मिक्सरमध्ये जात नाही. तवा ओट्यावर फडक्यावर ठेवायचा, डाव्या हातानं फडक्यात कान धरायचा आणि तांब्याच्या बुडानं रगडायचं, मधून मधून कडेचं आत ओढत. दांड्यांत दोरा असतो, म्हणून मिरचीपेक्षा जास्त वेळ लागतो. शेंगदाण्याचं तेल सुटून तव्याला चकाकी आली की ठेचा झाला. तांब्या नसेल तर जड बुडाची स्टीलची वाटी चालते. ज्वारीचं पीठ इथल्या भारतीय दुकानात मिळतं, तेव्हा भाकरीचा आळस करू नका. या ठेच्याला पोळी शोभत नाही.

जुडी मोठी असेल तर उरलेल्या दांड्यांची गवारीसारखी भाजी होते. दोन बोटांचे तुकडे, थोडं पाणी घालून वाफ, वर कूट आणि गूळ.

झुकिनी आणि तिच्या बहिणी

जुलै लागला की टेबलं हिने भरून जातात. हिरवी लांबडी झुकिनी, पिवळी, मान वाकडी असलेली, आणि चपटी, कडेला कंगोरे असलेली पॅटीपॅन. ही सगळी एकाच जातीची, भोपळ्याच्या कुळातली, कोवळेपणी तोडलेली फळं. शेजारीपाजारी जिच्या परसात एक वेल आहे ती बाई ऑगस्टमध्ये घरोघर वाटत सुटते, त्यामुळे ही भाजी विकत नाही घेतली तरी तुमच्या घरी येणारच.

बहुतेक जण हिची दुधीसारखी भाजी करतात आणि पाणचट झाली म्हणून नावं ठेवतात. हिच्यात जवळजवळ पंचाण्णव टक्के पाणी असतं. ते आधी काढायचं किंवा पिठाला प्यायला द्यायचं, आणि मी दोन्ही करते. वीतभर लांबीची, हाताला घट्ट लागणारी झुकिनी निवडा. सोलू नका. अर्धा किलोच्या जाड फोडी करून त्यांना अर्धा चमचा मीठ चोळा आणि चाळणीत वीस मिनिटं ठेवा. खाली वाटीभर पाणी जमेल. फोडी मुठीत धरून हलक्या पिळा. तोवर अर्धी वाटी बेसन कोरडंच मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून घ्या. कच्चं बेसन या भाजीत चिकट होतं. लोखंडी कढई चांगली तापवून दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, सहा पाकळ्या ठेचलेला लसूण, हळद. लसूण लाल झाला की दीड चमचा कांदा-लसूण मसाला आणि लगेच फोडी. आच मोठी, झाकण नाही, तीन-चार मिनिटं परतायचं. फोडींच्या कडा लालसर झाल्या की बेसन वरून सगळीकडे भुरभुरायचं, हलवायचं नाही, झाकण ठेवून आच बारीक करून तीन मिनिटं. मग उलथन्यानं खालून वर. पीठ फोडींना धरून बसतं आणि कढईच्या बुडाला जी खरवड लागते तिच्यासाठी घरात भांडणं होतात. मीठ आधीच लागलेलं आहे, चव घेतल्याशिवाय वरून घालू नका.

एक महत्त्वाची गोष्ट. कच्चा तुकडा कडूजहर लागला तर ती झुकिनी तिथंच टाकून द्यायची. कडू दुधीचा रस पिऊ नये म्हणतात, त्यातलंच हे. या कुळातल्या फळांत कधी कधी कुकुरबिटासिन नावाचं द्रव्य जास्त उतरतं, त्यानं जोरदार उलट्या-जुलाब होतात आणि शिजवून ते जात नाही. बाजारातल्या मालात असं क्वचितच होतं. परसात आपोआप उगवलेल्या वेलाच्या फळाची मात्र चव बघितल्याशिवाय भाजी टाकू नये.

पॅटीपॅन दिसायला देखणी, म्हणून ती भरायची. मुठीत मावतील अशी लहान घ्या, देठाकडून टोपी कापा, चमच्यानं थोडं पोकळ करा. कूट, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, गोडा मसाला, तिखट, गूळ, चिंचेचा कोळ, म्हणजे भरल्या वांग्याचंच सारण, फक्त कोरडं ठेवायचं. कढईत पसरट फोडणी, वर या मांडायच्या, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायच्या. अंगचं पाणी सुटतंच, आणखी घालू नका.

वेलाची फुलंही विकायला असतात. आमच्याकडे भोपळ्याच्या फुलांची करतो तशीच भजी. पाकळ्या उघडून आत किडा-मुंगी नाही ना ते पाहा, मधला पिवळा दांडा काढा, आणि आणल्या दिवशीच करा. संध्याकाळपर्यंत फुलं मान टाकतात.

कोलराबी

फिकट हिरवा किंवा जांभळा गोळा आणि त्यातून वर निघालेले पानांचे हात. हा आपला नवलकोलच, मुंबई-पुण्याच्या मंडईत हिवाळ्यात येतो. पण ज्यांच्या घरी कधी केला नाही त्यांना तो परकाच. जून-जुलैत मुठीएवढा घ्यावा. उन्हं वाढली की गोळा मोठा होतो आणि आत लाकूड धरतो. सोलताना सोलाणं वापरू नका, सुरी किंवा विळी घ्या. सालीखाली अजून एक पांढरट, रेषांचा थर असतो, तोही जायला हवा. विळीवर देठाकडून खाली ओढत गेलं की तो थर कुठं संपतो ते हाताला कळतं, पातं एकदम अलगद चालायला लागतं. आतला गर करकरीत, कोबीच्या दांड्याच्या चवीचा, गोडसर.

सगळ्यात उत्तम त्याची कोशिंबीर. किसून, दह्यात, मीठ-साखर, वर तेलाची मोहरी-हिंग-हिरवी मिरचीची फोडणी आणि कोथिंबीर. मीठ जेवायला बसताना. रस्साही होतो, मटार घालून. पाला टाकू नका, मुळ्याच्या पाल्यासारखा बारीक चिरून पीठ पेरून करा.

स्विस चार्ड

मोठी सुरकुतलेली पानं आणि लाल, पिवळे, पांढरे, नारिंगी देठ. बिटाचा सख्खा भाऊ, फक्त कंद न धरणारा. पालकापेक्षा पान जाड, चवीला किंचित खारट आणि मातकट. ही भाजी ताकातली करायला जन्माला आली आहे. ताकानं तिचा मातकटपणा जातो, आणि पालकासारखं हिच्यातही ऑक्झॅलेट असल्यामुळे दात शिवशिवतात, तेही ताकातल्या कॅल्शियममुळे कमी होतं.

दोन चमचे हरभऱ्याची डाळ आणि दोन चमचे शेंगदाणे तासभर भिजवून कुकरमध्ये शिजवून घ्या. एका जुडीचे देठ वेगळे काढून बारीक चिरा, पानं वेगळी. देठांना पानांपेक्षा पाच मिनिटं जास्त लागतात, म्हणून आधी देठ थोड्या पाण्यात, मग पानं. मऊ झाली की रवीनं घोटा आणि दोन चमचे बेसन लावून पुन्हा घोटा. इथल्या दुकानात बटरमिल्क म्हणून जे मिळतं ते दाट असतं आणि त्यात बहुधा मीठ असतं. एक वाटी बटरमिल्कला एक वाटी पाणी घालून घुसळा आणि भाजीत ओता. आच मंद ठेवून सतत ढवळायचं. हात थांबला की ताक फुटतं. एक हलकी उकळी पुरे. त्यात शिजलेली डाळ-दाणे, आणि मीठ अगदी शेवटी, चव घेऊन. वर तुपाची फोडणी: मोहरी, दोन-चार मेथीदाणे, हिंग, भरपूर लसूण, सुक्या मिरच्या. चर्र आवाज आला की लगेच झाकण. लाल देठांच्या चार्डची भाजी गुलाबी होते. मला आवडते, पण घरात कोणी रंगाला बिचकत असेल तर पांढऱ्या देठांची जुडी घ्या.

केल नावाचा जाड, कुरळ्या पानांचा पाला मिळतो, त्याचं मात्र असं करू नका. केल घोटला तरी घोटला जात नाही, ताकात कातडं चघळल्यासारखं होतं. त्याची मधली शीर ओढून काढायची, पानं मेथीपेक्षाही बारीक चिरायची, आणि भजी किंवा झुणक्यात घालायची. कोलार्डची पानं त्याहून मोठी आणि सपाट, ती अळूवडीला उत्तम. मागची शीर सुरीनं तासून सपाट करा, पान अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून काढा म्हणजे मुडपताना फाटत नाही. बेसन, चिंच, गूळ, तिखट, तीळ, ओवा लावून एकावर एक तीन-चार पानं, घट्ट गुंडाळी, वीस मिनिटं वाफ. खाजेची भीती नाही, तरी चिंच सोडू नका. चवीची जान तीच आहे.

मोंग आजींची टेबलं

या बाजारात मोंग समाजाची बरीच कुटुंबं भाजी विकतात. लाओसमधल्या युद्धानंतर, १९७५ पासून, हे लोक निर्वासित म्हणून अमेरिकेत आले आणि विस्कॉन्सिनमध्ये त्यांची मोठी वस्ती झाली. त्यांच्या टेबलापाशी सावकाश उभे राहा. लाल माठ, कारली, हातभर लांब चवळीच्या शेंगा, आणि भोपळ्याच्या वेलाचे शेंडे, तणाव्यांसकट जुडी बांधलेले. हे शेंडे कसे निवडायचे ते मी तिथल्या एका आजींकडून शिकले. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, नातू शेजारी हिशेब करत होता. आजींनी एक शेंडा उचलला, देठ टोकाशी नखानं मोडला आणि साल न तोडता खाली ओढली. पूर्ण लांबीची पातळ हिरवी दोरी निघून आली. पानाच्या देठाचंही तसंच. मग मधला भाग बोटांनी चेपून दाखवला: सहज चेपला तर ठेवायचा, नाही तर फेकायचा. अशा निवडलेल्या शेंड्यांची लसूण, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं घालून परतलेली भाजी कोकणात जशी होते तशीच होते.

घोळही कधी कधी मिळते, पर्सलेन या नावानं. इथल्या अंगणांत ती तण म्हणून उगवते आणि लोक उपटून टाकतात. खुडून आणणार असाल तर आधी देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, तिच्यासारखी पसरणारी वेगळी विषारी वनस्पती आहे. आणि औषधं मारलेल्या हिरवळीतलं काही खाऊ नका. चाकवतही असाच शेतांच्या कडेला माजलेला असतो. एखाद्या शेतकऱ्याला विचारलंत तर पुढच्या शनिवारी पिशवी भरून आणून देईल, त्याच्या दृष्टीनं ते गवतच.

बडीशेपेचा कांदा आणि टोमॅटिलो

फेनेल म्हणजे बडीशेपेचंच झाड, पण ही जात बुडाशी पानांचे पापुद्रे जाड करून पांढरा गड्डा धरते. कच्चा पातळ चिरून लिंबू, मीठ आणि भरडलेले मिरे, एवढंच करा. शिजवला की वास निम्मा उडतो आणि गोडी वाढते, त्यामुळे मसाल्याच्या भाजीत तो मला पटत नाही. वरचा झिरमिळ्या पाला मुगाच्या डाळीवर, शेपूसारखा.

टोमॅटिलो ऑगस्टमध्ये येतात. कागदी टरफलात हिरवं फळ, आपल्या रसभरीचं नातेवाईक. टरफल भरलेलं आणि फळ घट्ट असावं. सोललं की खाली चिकट लागतं, कोमट पाण्यात चोळून धुवा. चव हिरव्या टोमॅटोची, पण जास्त आंबट. हिरव्या टोमॅटोची चटणी करतो तीच करायची: अर्धे चिरून तव्यावर चिरलेली बाजू काळी पडेपर्यंत भाजायचे, बरोबर मिरच्या आणि लसूण, दोन चमचे तीळ, दोन चमचे शेंगदाणे वेगळे भाजून, सगळं जाडसर वाटून, मीठ, गुळाचा खडा, वर हिंगाची फोडणी. फळात चिकटपणा असल्यामुळे वाटलेली चटणी चांगली मिळून येते, पाणी वेगळं सुटत नाही.

घरी आणल्यावर

पालेदार भाजी आल्या आल्या कंदापासून वेगळी करा. मुळा, बीट, नवलकोल यांचा पाला तसाच राहिला तर कंदातलं पाणी ओढतो आणि दोन दिवसांत कंद मऊ पडतात. पाला न धुता सुती फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवा. फुलं आणि शेंडे पहिल्या दिवशी, पालेभाज्या मंगळवारपर्यंत, झुकिनी बुधवार-गुरुवारी, कोलराबी आणि टोमॅटिलो सगळ्यात शेवटी, अशा क्रमानं संपवायचं.

शुक्रवारी फ्रीजमध्ये अर्धी झुकिनी, चार पानं चार्डची, कोलराबीचा तुकडा असं काहीबाही उरतंच. ते सगळं किसून-चिरून परातीत घ्या, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पाणी पिळू नका. त्याच पाण्यात मावेल तेवढी भाजणी, तिखट, हळद, ओवा, तीळ, कांदा घालून भिजवा. वरून पाणी लागतच नाही. भाजणी नसेल तर ज्वारीच्या दोन वाट्यांना एक वाटी बेसन आणि अर्धी वाटी तांदळाचं पीठ. ओल्या फडक्यावर थापा, मध्ये आणि कडेनं भोकं पाडा, भोकांत तेल सोडा, आणि झाकण ठेवून मध्यम आचेवर भाजा. साध्या थालीपिठापेक्षा हे एक-दोन मिनिटं जास्त घेतं, कारण आत भाजीचा ओलावा असतो. कडा तव्यापासून आपोआप सुटल्या की उलटायचं, त्याआधी उलथनं घातलंत तर मोडतं.